घंटी वाजेपर्यंत

कार्डावर गुडघा होता आणि रणभिसे सिस्टर छातीला हात लावून बसल्या होत्या.

मी समोरच्या स्टुलावर. माझ्या कार्डाप्रमाणे मी वॉर्डातली नर्स होते, समोरच्या बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलेलं होतं, त्या घाबरल्या होत्या आणि मला त्यांना धीर द्यायचा होता. धीराची वाक्यं मी सांगलीहून मिरजेला येताना बसमध्ये घोकत आले होते. पण सिस्टर इंग्रजीत म्हणत होत्या की जिना चढलं की 'इट कम्स ऑन' आणि टेकलं की 'इट वेअर्स ऑफ'. चढलं की येतं, बसलं की हळूहळू विरतं. काय येतं ते काही सांगेनात. गुडघ्याशिवाय दुसरं काय येणार, असं म्हणून मी माझी वाक्यं एकामागून एक सोडून दिली. ऑपरेशन सोपं असतं, डॉक्टर हुशार आहेत, महिन्याभरात तुम्ही चालायला लागाल.

सिस्टरांनी टीपॉयवरची पितळी घंटी उचलली आणि वाजवली. खेळ संपला.

"राजश्री, मी गुडघा म्हणाले का?"

"कार्डावर आहे ना, सिस्टर."

"पेशंटनं कार्ड वाचलेलं नसतं," त्या म्हणाल्या. "तू ऐकतच नाहीस. मी बोलत असते तेव्हा तू मनात पुढचं वाक्य जुळवत असतेस. डोळ्यांत दिसतं तुझ्या."

मला राग आला, कारण ते खरं होतं. इंग्लंडला जाणाऱ्या नर्सांना बोलण्याची एक परीक्षा द्यावी लागते. समोर कुणीतरी पेशंट होऊन बसतं आणि आपण नर्स व्हायचं. त्या परीक्षेत मी दोनदा आपटले होते. लेखी, वाचन, सगळ्यांत पास, नेमकी बोलण्यात नापास. आणि मी म्हणजे बोलण्यासाठी प्रसिद्ध. तिकडच्या हॉस्पिटलनं माझी जागा धरून ठेवली होती, पण ते काही जन्मभर थांबणार नव्हते. या खेपेला हुकलं की संपलं. आमच्या घरात आई आणि भाऊ म्हणायचे की हिच्या पायाला भिंगरी आहे, हिला कुठे थारा नाही. खोटं नव्हतं ते. वॉर्डात असले की मला घरी जावंसं वाटे, घरी गेले की वॉर्ड आठवे, आणि दोन्हीकडे असताना वाटे की आपलं खरं आयुष्य तिसरीकडेच कुठेतरी आपल्यावाचून चाललंय.

रणभिसे सिस्टर मिरजेच्याच. नवऱ्यामागोमाग इंग्लंडला गेल्या, तिकडे वॉर्ड सिस्टर म्हणून केस पांढरे केले, नवरा गेल्यावर एकट्या परत आल्या आणि बापाच्या छोट्या घरात राहू लागल्या. पुढच्या खोलीत शिकवणी. शेजारी सतारींचा कारखाना होता. तिथे दिवसभर कुणीतरी एकच तार पिळून पिळून सुरात आणायच्या मागे असायचं, आणि ती तार मेली कधी एकदाची लागली असं होत नसे. माझ्या जिवाला त्यानं आणखीच घोर लागायचा.

त्यांची शिकवायची पद्धत वेगळी होती. क्रियापदांच्या याद्या त्या पाठ करू देत नसत. म्हणायच्या, "'पुट' ही एकच बाई आहे. 'ऑन'च्या घरी दिली तर एक वागते, 'ऑफ'च्या घरी वेगळं, 'अप विथ'च्या घरी तर मुकाट सगळं सोसते. तिला माहेरच्या नावानं ओळखून काय उपयोग? नांदते कुठं ते बघा." दीपाली खोत नावाची दुसरी मुलगी माझ्याबरोबर येई. नर्सिंग हॉस्टेलवर राहणारी, खुशालचेंडू. ती म्हणाली, सिस्टर, इंग्लिश लोक सरळ एक शब्द का नाही वापरत? तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "का, आपण वापरतो? माझ्या आईकडे एक गोरी मॅडम मराठी शिकायला यायची. जीव लागला, जीव गेला, जीव टाकला, जीव रमला, जीव खालीवर झाला. एक दिवस रडायलाच लागली बिचारी. मोठे शब्द डॉक्टरांचे असतात, पोरींनो. दुखणं माणूस अशा बारक्या शब्दांतच सांगतं. तिकडेही आणि इकडेही."

आणि एक नियम होता, त्याला मात्र अपवाद नव्हता. खेळ सुरू झाला की मराठी बंद. सिस्टर पेशंट, आपण नर्स. घंटी वाजेपर्यंत कुणी मोडायचं नाही. मध्येच दूधवाला आला तरी सिस्टर त्याला इंग्रजीत परत पाठवत, आणि तो बिचारा भांडं पायरीवर ठेवून जाई. घंटी संडे स्कूलची होती, जुनी, लाकडी मुठीची. ती फक्त सिस्टर वाजवत.

पुढच्या खेपेला माझ्या कार्डावर साखरेचं पथ्य होतं. मी ठरवूनच गेले होते की या वेळी तोंड कमी चालवायचं. सिस्टरांनी पथ्याबद्दल कुरकुर केली, गोड सुटत नाही म्हणाल्या, आणि मग बोलता बोलता म्हणाल्या की परवा चर्चच्या पायऱ्यांवर 'आय केम ओव्हर फनी'. म्हणजे आपल्याकडे बायका म्हणतात ना, कसंनुसं झालं, तसं. दीपालीनं लगेच मोबाइलमध्ये टिपून घेतलं. मी विचारलं, मग तुम्ही काय केलंत? 'आय पुट इट डाउन टू विंड,' त्या म्हणाल्या. वाताचं असेल म्हणून सोडून दिलं. आणि हसल्या.

त्याच्या पुढच्या खेपेला दीपालीची पाळी होती. कार्डावर मोडलेलं मनगट. सिस्टरांनी मनगट कुशीत धरून असं काही नाटक केलं की आम्ही थक्क झालो. पण मध्येच त्या म्हणाल्या की दुखणं वर दंडात जातं, मग जबड्यात, पण 'आय पुट अप विथ इट', सोसते झालं. दीपालीनं मनगटाला प्लास्टर घातलं आणि घंटी झाल्यावर टाळ्या वाजवल्या. म्हणाली, काय अ‍ॅक्टिंग करता सिस्टर, तुम्ही नाटकात हव्या होता.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. मनगटाचं दुखणं जबड्यात कसं जाईल? परतीच्या बसमध्ये मला बसवेना. तीन कार्डं, तीन वेगळे आजार, आणि आतली बाई एकच. घरी आईनं ताट वाढलं, माझं लक्षच नाही. आई म्हणाली, परीक्षेचं एवढं काय घेऊन बसलीस. मी म्हटलं, परीक्षेचं नाही. मग कशाचं, ते मलाही धड सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून तडक त्यांच्याकडे गेले आणि मराठीत सरळ विचारलं, सिस्टर, तुमच्या छातीत दुखतं का? त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाल्या, मी पेशंट करते गं, तुझा धंदा आणि माझा धंदा एकच. रंग भरावा लागतो, नाहीतर तुम्ही पोरी जांभया द्याल. चहा घेणार? घड्याळामागे गुलाबी औषधाची बाटली होती, अ‍ॅसिडिटीची, जवळजवळ संपलेली. मी तिच्याकडे बघतेय हे पाहून त्यांनी बाटली उचलून आत नेली.

चहा पिताना पुण्याहून त्यांच्या मुलाचा, सॅम्युअलचा, फोन आला. त्यांचं बोलणं नेहमीसारखंच झालं असावं. बरी आहे, ठणठणीत आहे, जेवले, नाही रे, पुण्याला कशाला. फोन ठेवून त्या म्हणाल्या की एकदा नवऱ्यामागून सामान बांधलं, एकदा एकटीनं बांधून परत आणलं. आता तिसऱ्यांदा बांधणार नाही. जरा कण्हले की पोरगं गाडी घेऊन हजर होईल. मला माझ्या फाटकाशी राहू दे.

मग मी काय बोलणार? डॉक्टरकडे चला म्हणून पाहिलं, पण त्यांनी विषयच बदलला. माझी परीक्षा तोंडावर आली होती. एक मन म्हणे, तू आपलं बघ. दुसरं मन बसू देईना.

परीक्षेआधीच्या शेवटच्या शिकवणीला दीपाली आणि मी सकाळीच पोचलो. सिस्टर खुर्चीत बसलेल्याच होत्या. एरवी फाटकाशी उभ्या असत. वरच्या ओठावर घाम होता, आणि ते दिवस थंडीचे. मी काही विचारायच्या आत त्यांनी कार्ड पुढे केलं. पेशंटला डॉक्टरांचा सल्ला न मानता हॉस्पिटलमधून घरी जायचंय. तिचं मन वळवा.

"बिगिन," सिस्टर म्हणाल्या.

मी सुरुवात केली आणि त्या सुरू झाल्या. मला घरी जायचंय, इथे कशाला ठेवलंय, मला काही झालेलं नाही. आवाज बारीक लागत होता. मी विचारलं, सकाळपासून काय काय होतंय? त्या म्हणाल्या की उठल्यापासूनच 'इट केम ऑन', आणि या वेळी बसूनही विरत नाहीये. छातीवर कुणीतरी पाय ठेवून उभं आहे. बोलताना डावा हात मांडीवर नुसता पडला होता, जणू दुसऱ्या कुणाचा होता.

दीपाली कोपऱ्यात मोबाइलवर टिपत होती. मध्येच तिनं मला अंगठा दाखवला, छान चाललंय म्हणून.

मला त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. ही बाई मराठीत मला कधीच खरं सांगणार नव्हती. मुलाला नाही, डॉक्टरला नाही, शेजाऱ्यांना नाही. खरं बोलायला तिला ही एवढीच जागा होती, वेताची खुर्ची आणि कार्डावरची कुठली तरी परकी बाई. आणि तेवढ्यात सिस्टरांचा उजवा हात टीपॉयकडे सरकला. घंटी वाजली असती तर त्या हसल्या असत्या, छान झालं म्हणाल्या असत्या आणि आम्हाला चहा करायला उठल्या असत्या.

मी झडप घालून घंटी उचलली. लोलक बोटांत धरला.

दीपाली चपापली. घंटीला आमच्यापैकी कुणी कधी हात लावला नव्हता. सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं, आणि त्या बघण्यात पहिल्यांदाच भीती होती. मी मराठी शब्द काढला नाही. इंग्रजीतच विचारलं, घरी जायची एवढी घाई कशाला, घरी कोण आहे?

"नोबडी," त्या म्हणाल्या. इथे राहिले तर 'दे विल पॅक मी ऑफ', म्हणाल्या. माझी रवानगी करतील. मुलाकडे. माझ्या फाटकाला कुलूप लागेल आणि मी कुणाच्या तरी फ्लॅटच्या खिडकीत बसून मरेन.

माझी घोकलेली वाक्यं कुठे गेली कोण जाणे. एकही आठवलं नाही. शेजारी तार पिळणं चालू होतं. मग माझ्या तोंडून मोडकंतोडकं जे आलं ते एवढंच, की तुम्हाला कुणी कुठे पाठवणार नाही, आय विल स्टँड बाय यू, मी तुमच्या पाठीशी उभी राहीन, पण त्यासाठी तुम्ही जिवंत राहायला हवं. शेवटच्या वाक्यात काहीतरी चुकलं असणार, कारण सिस्टरांच्या भुवया सवयीनं वर गेल्या. पण त्यांनी दुरुस्त केलं नाही.

"ऑल राइट, नर्स," त्या म्हणाल्या. "आय गिव्ह इन."

मी दीपालीला इंग्रजीत सांगितलं, रिक्षा आण. ती माझ्याकडे आ वासून बघत राहिली. मग सिस्टरांच्या चेहऱ्याकडे तिचं लक्ष गेलं, नीट गेलं, आणि ती अनवाणीच बाहेर पळाली.

रिक्षात आम्ही तिघी. मी सिस्टरांचा हात धरलेला, दुसऱ्या हातात घंटी. वाजू नये म्हणून लोलकाभोवती हातरुमाल गुंडाळलेला. दुखणं कितपत आहे, श्वास लागतोय का, सगळं इंग्रजीत चाललेलं. मला भीती वाटत होती की एक मराठी शब्द निघाला की ही बाई रिक्षा थांबवून उतरून जाईल. रिक्षावाला आरशातून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "मावशी विलायतेच्या हायत काय ओ?"

"गप चालव," दीपाली म्हणाली, आणि ती रडत होती.

हॉस्पिटलात तरुण डॉक्टर वाकून म्हणाला, "आजी, काय होतंय?"

"काही नाही हो," सिस्टर स्वच्छ मराठीत म्हणाल्या. ओठ निळसर, कपाळावर घाम. "थोडी अ‍ॅसिडिटी. या पोरी उगीच घाबरल्या."

डॉक्टर सरळ झाला. मी त्यांच्या कानाशी वाकले आणि इंग्रजीत म्हटलं, मिसेस रणभिसे, तुम्ही मला जे सांगितलंत ते यांना सांगाल का? त्यांनी डोळे मिटले. आणि मग सगळं सांगितलं. पायऱ्यांवर कसं होतं, दंडातून जबड्यात कसं चढतं, किती दिवस वाताचं म्हणून सोडून दिलं, आज सकाळी कशानं जाग आली. एकही मोठा शब्द नाही. डॉक्टर ऐकता ऐकता ईसीजीचं यंत्र मागवत होता. त्याच दिवशी त्यांना आत नेलं आणि तुंबलेली रक्तवाहिनी उघडली. आणखी थोडा उशीर झाला असता तर काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी पण नर्सच.

सॅम्युअल पुण्याहून आला. वाईट माणूस नव्हता, घाबरलेला होता. आई आता माझ्याबरोबर येणार, तो म्हणाला. इथे एकटीला कोण बघणार? सिस्टर खाटेवरून माझ्याकडे बघत राहिल्या. मी शब्द दिला होता. माझं तिकडे जाणं, माझी धरून ठेवलेली जागा, हे सगळं त्या क्षणी त्या शब्दाच्या आड आलं. मी बोलायला तोंड उघडलं, पण दीपाली आधी बोलली.

"मी राहते त्यांच्याकडे," ती म्हणाली. "हॉस्टेलचं जेवण मला नाहीतरी जात नाही."

सॅम्युअल बराच वेळ कुरकुरला. मग एक दिवस फाटकाची कडी दुरुस्त करून पुण्याला परत गेला.

त्याच आठवड्यात माझी परीक्षा झाली. समोर पेशंट होऊन एक चष्मेवाली बाई बसली होती. कार्डावर काय होतं ते मला आता आठवत नाही. मी विचारलं, काय होतंय तुम्हाला, आणि गप्प बसले. ती बोलायला लागली. मी पास झाले.

निघायच्या आधी सिस्टरांचा निरोप घ्यायला गेले तेव्हा पर्समधून घंटी काढून टीपॉयवर ठेवली. त्यांनी ती उचलून परत माझ्या हातात दिली. लोलकाभोवतीचं कापड तसंच होतं. "तूच घेतलीस ना," म्हणाल्या, "ने मग."

इंग्लंडात मला हवं होतं ते सगळं मिळालं. खोली मिळाली, वॉर्ड मिळाला, पगार मिळाला. पहिल्याच हिवाळ्यात दुपारी अंधार पडायला लागला आणि माझी भिंगरी जी थांबली ती थांबलीच. ड्यूटीवरून आले की कोट न काढताच बसून राहायची. आईचा फोन आला की म्हणायची, मजेत. भावाला मजेत. वॉर्डातल्या मैत्रिणींना फाइन. जीव खाऊन इथवर आलेल्या माणसानं आणखी काय म्हणायचं?

एका रविवारी सिस्टरांचा फोन आला. आधी मराठीत गप्पा झाल्या. दीपाली त्यांच्या डोक्यावर कशी बसते, शिकवणी परत कशी सुरू झाली. मग त्यांनी विचारलं, "हाउ आर यू गेटिंग ऑन?"

"फाइन, सिस्टर."

"कार्डावरचं वाचून दाखवतेस होय?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"घंटी कुठाय?"

"खिडकीत आहे."

"वाजवलीस कधी?"

"नाही."

"मीही नाही वाजवली त्या दिवशी," सिस्टर म्हणाल्या. "म्हणजे खेळ अजून चालू आहे. आता मी नर्स, तू पेशंट. बिगिन."

बाहेर काळोख झाला होता. मी खुर्ची ओढून खिडकीशी बसले आणि घंटी मांडीवर घेतली. कापड सोडलं. मग लोलक बोटांत घट्ट धरला आणि इंग्रजीत म्हटलं, सिस्टर, इट कम्स ऑन, रोज याच वेळेला, आणि विरत नाही.

पलीकडे त्या ऐकत होत्या. त्यांच्या मागे, एवढ्या रात्रीही, शेजारी तार पिळणं चालू होतं. मग मी सांगत गेले.